मिठाचे माप

मीठ पाण्यात विरघळते, हे कळण्यासाठी कुणालाही शाळेत जावे लागत नाही. आमटीत टाकलेले मीठ कुठे गेले, असे घरातले लहान मूलही विचारत नाही. पण ठरावीक पाण्यात नेमके किती मीठ विरघळते आणि पाणी तापवले म्हणजे त्यात अधिक मीठ मावते काय, असे विचारले तर जाणती माणसेही क्षणभर थांबतात. ‘गरम पाण्यात सगळेच जास्त विरघळते,’ हे उत्तर बहुधा येते. रोज चहात साखर विरघळताना पाहणाऱ्या डोळ्यांना ते पटतेही. डोंबिवलीतील एका घरात दिवाळीच्या सुट्टीनंतर याच उत्तराची परीक्षा झाली, आणि मिठाचे माप घेता घेता माणसाच्या खरेपणाचेही माप निघाले.

त्या घरातील थोरली नात बारावीला होती. रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने विषय घेतला होता : क्षारांच्या विद्राव्यतेवर तापमानाचा परिणाम. शंभर ग्रॅम पाण्यात एखादा क्षार जास्तीत जास्त किती ग्रॅम विरघळतो, ती त्याची विद्राव्यता. निरनिराळ्या तापमानांना ती मोजायची, आलेख काढायचा आणि निष्कर्ष लिहायचा. तुलनेसाठी तिने दोन क्षार निवडले. एक पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला जुना सोरा. आणि दुसरे साधे खाण्याचे मीठ.

सोऱ्याने तिला खूश केले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिने परीक्षानळीत दहा ग्रॅम पाणी घेतले आणि त्यात दहा ग्रॅम सोरा टाकला. सोरा विरघळू लागताच नळी बोटांना गार लागली. मग ती गरम पाण्याच्या चंचुपात्रात धरून सगळा सोरा विरघळेपर्यंत तापवली आणि तापमापी आत ठेवून हळूहळू निवू दिली. पारा छप्पन्न अंशांच्या आसपास येताच स्वच्छ द्रावणात एकाएकी सुईसारखे पांढरे स्फटिक चमकले. ज्या तापमानाला पहिला स्फटिक दिसतो, त्या तापमानाला द्रावण संपृक्त होते. म्हणजे त्या पाण्यात त्याहून अधिक सोरा मावत नाही. शंभर ग्रॅम पाण्यामागे ऐंशी ग्रॅम सोरा घेतला तेव्हा स्फटिक सत्तेचाळीस अंशांना दिसले, साठ ग्रॅमला अडतीस अंशांना, आणि चाळीस ग्रॅमला नळी बर्फाच्या पाण्यात धरल्यावर सव्वीस अंशांना. चार बिंदू जोडले तेव्हा डोंगराच्या चढासारखी वर जाणारी देखणी रेषा मिळाली.

मग मिठाची पाळी आली, आणि तिथे सारे अडले.

सोऱ्याची रीत मिठाला लागूच पडेना. गरम पाण्यात मावेल तेवढे मीठ विरघळवून, वरचे स्वच्छ द्रावण नळीत घेऊन ते निवू दिले, तरी नजरेत भरेल असे काही बाहेर पडेना. नळी बर्फात ठेवली, तरी तळाशी जेमतेम चिमूटभर कण दिसले. ते नेमके कोणत्या क्षणी दिसू लागले, हे सांगणे अशक्य होते. शिवाय पाकिटातील मिठाचे पाणी गढूळ दिसे, कारण मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात न विरघळणारी भुकटी अल्प प्रमाणात मिसळलेली असते. शेवटी तिने प्रयोगशाळेतील शुद्ध मीठ घेतले आणि रीत बदलली. ठरावीक तापमानाला पाण्यात मीठ टाकत राहायचे, तळाशी थोडे न विरघळता उरेपर्यंत. ढवळून, थांबून, वरचे निवळ द्रावण आधी तोललेल्या चिनीमातीच्या बशीत ओतायचे व बशी पुन्हा तोलायची. मग मंद आचेवर पाणी आटवून कोरडे मीठ तोलायचे. चाळीस अंशांना घेतलेले द्रावण २७.३० ग्रॅम भरले आणि कोरडे मीठ ७.२८ ग्रॅम उरले. म्हणजे पाणी होते २०.०२ ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम पाण्यामागे मीठ ३६.४ ग्रॅम.

अशा पाच नोंदी झाल्या. तीस अंशांना ३६.२, चाळीसला ३६.४, पन्नासला ३५.९, साठला ३७.२ आणि सत्तरला ३७.३. सोऱ्याच्याच आलेखावर हे बिंदू मांडले तेव्हा मिठाची रेषा जमिनीवर पडलेल्या काठीसारखी आडवी दिसली, आणि मध्येच पन्नास अंशांपाशी ती चक्क खाली वाकली होती.

त्या रात्री ती उशिरापर्यंत जागी होती. समोर एका मैत्रिणीने आणून दिलेली जुनी प्रकल्पवही होती. त्या वहीत मिठाची रेषाही सोऱ्यासारखीच डौलात वर चढली होती, एकही बिंदू रेषेबाहेर नव्हता आणि खाली लाल शाईत पूर्ण गुण होते. नातीच्या मनात आले, आपल्याच हातून काही चुकले असणार. पन्नासच्या नोंदीतील ३५.९ चे ३७ केले, सत्तरच्या ३७.३ चे ४२ केले, तर रेषा शोभेल. कुणाचे काय बिघडते? मीठ काही तक्रार करायला येणार नाही. तिने खोडरबर हातात घेतले.

आजोबा पाणी प्यायला उठले होते. दिवा दिसला म्हणून ते दारात थांबले. रसायनशास्त्रातले त्यांना काही कळत नव्हते. त्यांचे सारे आयुष्य कल्याणच्या बाजारात किराण्याच्या दुकानावर गेले होते. पण वहीवर वाकून खोडरबर धरणारा हात त्यांनी ओळखला.

“काट्याने काय सांगितले?” त्यांनी विचारले.

“छत्तीसच्या आसपास. प्रत्येक वेळी छत्तीस-सदतीसच. आजोबा, पाणी एवढे तापवले तरी मीठ वाढतच नाही. माझा प्रयोगच चुकलाय.”

आजोबा खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ ते त्या आडव्या रेषेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बाळ, आज काही लिहू नकोस. रविवारी माझ्याबरोबर मुलुंडला चल.”

दुकान टाकण्याच्या फार आधी, विशीच्या उंबरठ्यावर असताना, आजोबांनी ठाण्याच्या खाडीकाठी एका मिठागरावर हिशेबनीस म्हणून दोन हंगाम काढले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मात्र त्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नसत.

रविवारी सकाळी दोघे धीम्या लोकलने निघाले. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी स्थानके मागे पडली. कळव्यानंतर खाडीचा पूल आला आणि खिडकीतून खारट, चिखलट वास आत शिरला. मुलुंडला उतरून ते पूर्वेकडे गेले. तिथल्या एका रस्त्याचे नावच मिठागर रोड आहे. ठाण्यापासून मुलुंड, भांडुप, कांजूरपर्यंत खाडीच्या कडेने एकेकाळी मिठागरांची रांग होती. तिकडे भाईंदर-वसईकडे आणि उरणकडेही मिठागरे होती. आगर पिकवणारे ते आगरी, असे त्या समाजाचे नावच या कामाशी जोडलेले आहे. आता भोवती उंच इमारती आल्या आहेत, पुष्कळ वाफे ओस पडले आहेत आणि खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखला गेला आहे. तरी द्रुतगती मार्गापलीकडे मातीच्या बांधांनी आखलेले चौकोन अजून ओळखू येतात.

आजोबांनी काठीने त्या चौकोनांकडे दाखवले. “उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घ्यायचे. तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी ऊन त्यातले पाणी थोडे थोडे नेते. शेवटच्या उथळ वाफ्यात आले की मग मीठ धरते. आता मला सांग, तिथे ते पाणी कोण तापवून निववत होते?”

नात गप्प राहिली. मग तिने तिथेच, बांधाकडे पाहत, मनाशी हिशेब मांडला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात. त्यांत खाण्याचे मीठ साधारण २७ ग्रॅम. तिच्या नोंदीप्रमाणे शंभर ग्रॅम पाणी छत्तीस ग्रॅम मीठ धरून ठेवते. म्हणजे २७ ग्रॅम मीठ धरायला पाऊणशे ग्रॅम पाणी पुरते. याचा अर्थ असा की, लिटरभर पाण्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी उडून गेल्याशिवाय मिठाचा पहिला कणही दिसायचा नाही. खाडीच्या पाण्यात नद्यांचे गोडे पाणी मिसळते, तेव्हा त्याहूनही अधिक पाणी उडावे लागते. म्हणूनच तळ्यामागून तळी, आणि म्हणूनच दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी संपणारा तो लांब हंगाम. पाण्याचा दाटपणा मोजण्यासाठी तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर जे बोमे अंश आखलेले असतात, त्यांवर समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंश दाखवते आणि मीठ सुमारे पंचवीस अंशांना धरू लागते. त्याआधीच्या तळ्यांत जिप्सम खाली बसून जाते. मीठ धरल्यावर उरणारे कडवट पाणी वेळेत काढून टाकावे लागते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते मिठाला चिकटून राहिले की मीठ कडवट लागते आणि पावसाळ्यात बरणीतल्या बरणीत पाझरते. जाड्या मिठाला पाणी सुटते, अशी आजीची तक्रार असे. तिचे मूळ हे होते.

आणि मग त्या आडव्या रेषेचा अर्थ तिला उलगडला. मीठ जर सोऱ्यासारखे असते, तर भर दुपारी तापलेल्या वाफ्याने ते पोटात ठेवले असते, पहाटेच्या गारव्याला थोडे बाहेर सोडले असते आणि ऊन चढताच पुन्हा गिळले असते. मीठ तसे नाही. पाणी पंचवीस अंशांचे असो की चाळीस अंशांचे, ते छत्तीस ग्रॅमच धरते. त्यामुळे पाणी जेवढे उडेल तेवढे मीठ बाहेर पडणारच, आणि पडलेले मीठ दुपारच्या उन्हाने परत विरघळणार नाही. कोकणकिनाऱ्यावरील मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या ज्या भरवशावर चालली, तो भरवसा तिच्या वहीत आडवा पडला होता. ती चूक समजून तिने तो खोडायला घेतला होता.

याच्या उलट वागणाऱ्या सोऱ्याची रीतही जुनी आहे. बिहारमधील खारवट मातीतून सोरा काढणारे लोक मातीचे पाणी उकळून दाट करत आणि मग निवत ठेवत. निवताना सोऱ्याचे स्फटिक खाली बसत आणि त्यातले मीठ बरेचसे पाण्यातच राही. ईस्ट इंडिया कंपनीने बंदुकीच्या दारूसाठी हा सोरा जहाजे भरभरून नेला. म्हणजे ज्या भेदाने नातीला रात्रभर जागवले, त्याच भेदावर सोरा शुद्ध करण्याचा सारा धंदा उभा होता. १८१९ मध्ये गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने निरनिराळ्या क्षारांची विद्राव्यता तापमानानुसार मोजून आलेखरूपात मांडली, तेव्हा प्रत्येक क्षाराची रेषा वेगळी असते, हे कागदावर दिसू लागले. काहींची रेषा तर खालीही जाते. चुन्याची स्वच्छ निवळी तापवून पाहावी. ती गढूळ होते. वीस अंशांना शंभर ग्रॅम पाण्यात चुना ०.१७ ग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी.

असे का होते, याचे सूत्र नातीच्या बोटांना आधीच जाणवले होते. सोरा विरघळताना नळी गार झाली होती, कारण विरघळण्यासाठी तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. अशा क्षाराला बाहेरून उष्णता मिळाली की तो अधिक विरघळतो. मीठ विरघळताना फारच थोडी उष्णता घेते, म्हणून ते पाण्याच्या तापण्या-निवण्याकडे जवळजवळ लक्षच देत नाही. चुना विरघळताना उलट उष्णता देतो, म्हणून त्याला उष्ण पाणी मानवत नाही.

ऊन वाढले तसे दोघे एका झाडाच्या सावलीत बसले. नातीचा चेहरा खुलला होता. पण आजोबांचे सांगणे अजून संपले नव्हते.

“इथे माझ्याकडे पाट्यांचा हिशेब होता,” ते म्हणाले. “वाफ्यातले मीठ पाट्यांत भरून बायका डोक्यावरून वाहून आणायच्या आणि ढिगावर टाकायच्या. पाटीमागे पैसे. मी बांधावर बसून मोजायचो. मालक म्हणायचे, पाटी थोडी उणी दिसली तर सोडून द्यायची. मला आपले सोपे वाटायचे. संध्याकाळी प्रत्येकीच्या नावापुढे चाळीस लिहायचो. रोज चाळीस. वही कशी आरशासारखी दिसायची.”

ते थोडे थांबले.

“एक बाई होती. तिला अक्षरओळख नव्हती. ती झोपडीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. महिन्याच्या शेवटी तिने मला तिथे नेले. भिंतीवर कुठे त्रेचाळीस रेघा, कुठे एक्केचाळीस, एका दिवशी सदतीस. त्या दिवशी तिचे मूल तापाने फणफणले होते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, ‘दिवाणजी, माणूस रोज सारखाच चालतो का?’ माझ्या वहीत एकही खाडाखोड नव्हती, बाळ. तिची भिंत वाकडीतिकडी होती. खरी मात्र तिची भिंत होती.”

“मग तुम्ही काय केलेत?” नातीने विचारले.

“काही नाही. हाच तर सल आहे. पैसे वहीप्रमाणे दिले गेले. मी तेव्हा बोललो नाही. पुढच्या हंगामात रोजचा आकडा जसा येईल तसा लिहू लागलो, तेव्हा मालकांनी दुसरा माणूस पाहिला. पण त्या बाईचे राहिलेले पैसे राहिले ते राहिलेच. मागून चौकशी केली, तोवर ती माणसे दुसरीकडे निघून गेली होती.”

परतीच्या गाडीत दोघेही फारसे बोलले नाहीत.

सोमवारी नातीने मूळ पाचही नोंदी जशाच्या तशा वहीत उतरवल्या. पण सदतीस रेघांच्या त्या दिवसाला कारण होते, तसे पन्नास अंशांच्या उण्या नोंदीलाही असेल, असे तिला वाटत राहिले. तिने तो प्रयोग पुन्हा लावला आणि या वेळी बशीवरची नजर हटवली नाही. पाणी संपत आले तसे मीठ तडतडू लागले आणि बारीक कण उडून मेजावर पडले. मागच्या खेपेस तेवढे मीठ तोलातून निसटले होते. शिवाय घाईत तिने बशी गरम असतानाच तोलली होती. गरम बशीभोवतीची हवा वर चढते आणि काटा किंचित कमी दाखवतो. आता तिने बशीवर काचेचे नरसाळे पालथे घातले, बशी पूर्ण निवू दिली आणि मगच तोलली. तीन वेळा केलेल्या मापांत ३६.६, ३६.८ आणि ३६.७ असे आकडे आले. रेषेचा वाक नाहीसा झाला. तीस अंशांपासून सत्तर अंशांपर्यंत मीठ वाढले ते केवळ एक ग्रॅमभर; तेवढ्याच तापमानात सोरा सुमारे तिप्पट होतो.

३५.९ हा आकडा मात्र तिने खोडला नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ मारली, तो वाचता येईल असा ठेवला आणि बाजूला उणे येण्याचे कारण लिहिले. त्या रात्री तिने ३५.९ चे ३७ केले असते, तर आकडा खऱ्याच्या बराच जवळ गेला असता. पण मीठ तडतडून उडते आणि गरम बशी खोटे सांगते, हे तिला कधीच कळले नसते.

प्रकल्प तपासताना शिक्षिकांनी त्या पानावर बराच वेळ घालवला. मिठाची रेषा इतकी आडवी का, असे त्यांनी विचारले, तेव्हा नातीने मिठागराचा हिशेब मांडून दाखवला. खाडाखोडीबद्दल एक गुण कमी झाला. घरी आल्यावर तिने तो गुण हसत हसत सांगितला. आजोबांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि त्या रेघ मारलेल्या आकड्यावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहिले.

श्रावकाच्या अचौर्य व्रताचे अतिचार सांगताना हीनाधिक मानोन्मान, म्हणजे कमी-अधिक माप देणे, हा एक अतिचार शास्त्राने नोंदवला आहे. दुकानात बसणाऱ्याने तो ध्यानात ठेवायचा, असे आपण सहसा समजतो. पण माप केवळ तागडीतच नसते. मुलांच्या प्रयोगवहीत ते असते, कामगाराच्या हजेरीत असते, घरखर्चाच्या टिपणात असते. आलेली नोंद आपल्याला हवी तशी नसेल, तर एक तर आपण चुकलेले असतो किंवा आपली अपेक्षा तरी चुकलेली असते. दोन्ही वेळा शिकायला मिळते, पण ती नोंद जागेवर राहिली तरच.

नातीच्या वहीत मिठाची ती आडवी रेषा आता कायम झाली आहे. कोळशाच्या रेघांची ती भिंत मात्र खाडीकाठी कुठेच उरलेली नाही. ती आजोबांनी इतकी वर्षे मनात जपली आणि त्या रविवारी नातीच्या हवाली केली.